बालकाच्या वाचेचा अहवाल

दिग्रसहून दारव्ह्यावरून यवतमाळला जाणाऱ्या मोटारींत अडीच वर्षांचें एक मूल आईच्या मांडीवर बसलें आहे, आणि परतीच्या वाटेवर त्याच्या वडिलांच्या हातांत इंग्रजींत लिहिलेला दोन पानांचा कागद आहे, अशी कल्पना श्रोत्यांनीं करावी. मूल चपळ आहे. बोलावलें कीं येतें, चेंडू आण म्हटलें कीं आणतें. पण त्याच्या तोंडून दहाबारा शब्दांपलीकडे कांहीं निघत नाहीं. कागदावर एके ठिकाणीं '१६ ते १८ महिने' असें लिहिलेलें आहे. तें वाचून वडिलांचा चेहरा उतरतो. आपल्या मुलाची बुद्धि दीड वर्षाच्या मुलाएवढीच आहे, असा अर्थ ते करतात. हा अर्थ चुकीचा आहे, आणि ह्या एका चुकीपायीं हताश होऊन एखादें घर पुढची भेटच टाळतें.

अशा अहवालांत वयाचे आंकडे बहुधा दोन असतात. 'रिसेप्टिव्ह' ह्या शब्दापुढचा आंकडा आकलनाचा, 'एक्सप्रेसिव्ह' ह्या शब्दापुढचा बोलून दाखविण्याचा. बुद्धीचें माप ह्यांपैकीं एकहि नव्हे. ती परीक्षा वेगळी असते. ह्या मुलाचें आकलन '२७ ते ३० महिने' असेल, तर त्याला ऐकलेलें जवळजवळ वयाप्रमाणें समजतें, मागें पडली आहे ती बोलण्याची शक्ति. दोन्ही आंकडे सारखेच मागें असते, तर प्रश्न अधिक खोल झाला असता. म्हणून एक आंकडा पाहून कागदाची घडी घालूं नये.

त्याआधीं श्रवणाची नोंद शोधावी. जें कानांत शिरत नाहीं तें तोंडांतून यावें कसें? 'बेरा' नांवाच्या तपासणींत झोंपलेल्या मुलाच्या डोक्याला तारा लावून कानांत ध्वनि सोडतात आणि मेंदूकडे जाणाऱ्या मार्गाचा प्रतिसाद टिपतात. तेथील आंकडा डेसिबलमध्यें असतो, व तो जितका मोठा तितकें श्रवण मंद. ७० हा आंकडा वाचून समाधान मानूं नये. ते परीक्षेंतले गुण नव्हेत! साधें संभाषणच सुमारें ६० डेसिबलचें असतें. श्रवणाची नोंद मुळींच नसेल, तर ती तपासणी आधीं मागून घ्यावी.

आतां भाषेचा प्रश्न. मुलाची परीक्षा कोणत्या भाषेंत झाली? दिग्रसच्या आसपास तांडे पुष्कळ आहेत. तेथें घरची बोली गोरमाटी. गांवांत कित्येक घरीं उर्दू चालते. आईचें चित्र दाखविल्यावर मूल 'याडी' म्हणालें आणि तपासणाऱ्यानें उत्तर नाहीं असें लिहिलें, तर तो दोष मुलाचा खास नव्हे. घरांत दोन भाषा असल्यामुळें मूल मुकें राहतें, ही समजूतहि निराधार आहे; शब्द मोजतांना दोन्ही भाषांतले मिळून मोजावे लागतात. उच्चाराचेंहि तसेंच. वऱ्हाडांत 'डोळा' हा 'डोया' होतो आणि 'पाणी' हें 'पानी'. ही बोलीची रीत आहे, जिभेचा विकार नव्हे, आणि पुण्यामुंबईच्या उच्चारांची फूटपट्टी येथें लावणें अन्यायाचें होईल. 'काका' ऐवजीं 'ताता' ही मात्र बोली नव्हे. अडीच वर्षांच्या मुलास ती क्षम्य. पांच वर्षांचें मूल तसें बोलत असेल तर उपचार हवा.

निदानाच्या आधीं 'प्रोव्हिजनल' हा शब्द असल्यास तें तात्पुरतें आहे असें समजावें. त्याच्या बळावर स्वस्थ बसणेंहि बरें नव्हे. मामा चौथ्या वर्षीं बोलला होता, ही कथा प्रत्येक घरांत असते. परंतु दोन वर्षांपर्यंत सुमारें ५० शब्द व दोन शब्दांची जोडणी नसेल तर तपासणी लांबवूं नये. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत श्रवणदोष व भाषाविलंब ह्या दोहोंचा समावेश असून, पुढील तपासणीसाठीं जिल्ह्याच्या ठिकाणीं शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. सही करणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणीक्रमांक कागदावर आहे कीं नाहीं, तेंहि पाहावें. असा कागद मराठींत समजावून सांगितल्यावांचून पालकांच्या हातीं देणें मुळींच योग्य नव्हे. न समजलेली ओळ बोट ठेवून विचारण्यांत संकोच कसला?

अहवालाच्या शेवटीं घरीं काय करावें ह्याच्या चार ओळी असतात, आणि बहुधा त्याच वाचल्या जात नाहींत. मुलानें बोट दाखवितांच वस्तु न देतां क्षणभर थांबावें. तें 'पानी' म्हणालें तर आईनें 'थंड पानी' म्हणावें; पुनःपुन्हां 'म्हण, म्हण' असा आग्रह नको. एका वहींत नवा शब्द तारखेसह लिहावा, घरच्या कोणत्याहि भाषेंतला असो, आणि ती वही पुढच्या भेटीच्या वेळीं बरोबर न्यावी.