रोजनिशी जिथे थांबते

(हीरकमहोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ब्रिटनमधील एखाद्या घरात माळ्यावरची जुनी पेटी उघडली जाते. आत गणवेशातल्या तरुणाचे छायाचित्र, दोन-तीन पदके, पितळेचा टोपीबिल्ला आणि सरकारी खात्याचे एखादे पिवळे पडलेले पत्र, एवढाच ऐवज निघतो. आजोबा दुसऱ्या महायुद्धात ‘विमानं पाडायच्या तोफेवर’ होते, यापलीकडे घरात कोणाला काही ठाऊक नसते. बिल्ल्यावर तोफेची आकृती आणि ‘सर्वत्र’ अशा अर्थाचा एक लॅटिन शब्द कोरलेला असतो. पण तो बिल्ला ब्रिटिश तोफखान्यातील लाखो जवानांचा सारखाच होता. त्यावरून रेजिमेंट कळत नाही, आणि रेजिमेंट कळल्याशिवाय पुढचे एकही दार उघडत नाही.

म्हणून शोधाचा आरंभ वीरकथेपासून होत नाही, क्रमांकापासून होतो. जवानाचा सेवाक्रमांक, रेजिमेंटचा क्रमांक आणि तिच्यातील बॅटरीचा क्रमांक हे तीन आकडे हाती आले, की अर्धा मार्ग सरला असे जाणकार समजतात. वेल्समध्ये जोन्स, डेव्हिस, इव्हान्स ही आडनावे आपल्या पाटील, शिंदे, जाधवांइतकीच दाट आहेत. केवळ नावाच्या भरवशावर निघालेला नातू दुसऱ्याच कोणा आजोबांच्या समाधीवर फुले वाहून परत येण्याचा संभव असतो.

बॅटरीच्या क्रमांकाला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी या दलाची रचना थोडी पाहावी लागेल. जड विमानविरोधी रेजिमेंटमध्ये साधारणतः तीन बॅटऱ्या आणि प्रत्येक बॅटरीत आठ तोफा असत. ३.७ इंची तोफेचा गोळा २८ पौंडांचा. तो वीस हजार फुटांवर पोचेपर्यंत पंधरा-वीस सेकंद जात आणि तेवढ्या वेळात शत्रूचे विमान दीड-दोन किलोमीटर पुढे निघून जाई. त्यामुळे विमान जिथे दिसते तिथे नव्हे, तर ते जिथे असेल तिथे नेम धरावा लागे. उंची मोजणारे, गणित करणारे यंत्र चालवणारे, गोळा भरणारे असे दहा-बारा जण एका तालावर राबत. एका रेजिमेंटच्या बॅटऱ्या एकमेकींपासून मैलोगणती दूर, कधी वेगवेगळ्या शहरांभोवतीही पसरलेल्या असत. रेजिमेंटचे मुख्यालय एका गावी असले, तरी आजोबांनी ती रात्र कोठे जागवली हे बॅटरीच सांगू शकते.

अशा रेजिमेंटच्या इतिहासाचे पहिले साधन म्हणजे तिची युद्धदैनंदिनी. प्रत्येक तुकडीने ठरावीक छापील नमुन्यावर स्थळ, दिनांक, वेळ आणि घडामोडींचा सारांश लिहायचा आणि ती पाने वरच्या कचेरीकडे धाडायची, असा नियम होता. ही दप्तरे आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मायदेशातील तुकड्यांचा एक वर्ग, मध्यपूर्वेतील तुकड्यांचा दुसरा, आग्नेय आशियातील तुकड्यांचा तिसरा, अशी त्यांची विभागणी आहे. रेजिमेंटने समुद्र ओलांडला, की तिची दैनंदिनीही एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाते, आणि नवखा संशोधक नेमका तिथेच चुकतो. सर्वोच्च पातळीवरचे वृत्तान्तही उपलब्ध आहेत. मायदेशाच्या विमानविरोधी दलाचे प्रमुख जनरल सर फ्रेडरिक पाइल यांचा अहवाल १९४७ साली प्रसिद्ध झाला, त्यांचे पुस्तक १९४९ साली आले. पण एवढ्या उंचीवरून एकेका रेजिमेंटचा चेहरा दिसत नाही.

दैनंदिनीची भाषा कोरडी असते. तोफा हलवल्या, अमुक अधिकारी रजेवर गेला, धोक्याचा इशारा, इशारा मागे, अशी पानेच्या पाने. ज्यांना आजोबांचे नाव वाचायचे असते ते निराश होतात, कारण साध्या जवानाचे नाव तिच्यात क्वचितच येते. पण तारीख आणि ठिकाण पक्के होते, आणि ते मोलाचे असते. वि. का. राजवाडे यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून मराठ्यांच्या इतिहासाची साधने १८९८ पासून छापण्यास प्रारंभ केला, तो बखरीतील गोष्टीला कागदाचा आधार हवा या आग्रहापोटी. क्यूच्या वाचनकक्षात बसलेल्या नातवाचा आग्रह याहून निराळा नाही.

पण ज्या रेजिमेंटची रोजनिशीच मध्येच थांबते, तिचा इतिहास कसा शोधावा?

कार्डिफची ७७वी जड विमानविरोधी रेजिमेंट हे याचे ठळक उदाहरण. ही अर्धवेळ सैनिकांची, म्हणजे नोकरीधंदा सांभाळून कवायतीला येणाऱ्या तरुणांची पलटण. २३९, २४० आणि २४१ या तिच्या बॅटऱ्या. कार्डिफच्या रग्बी मैदानावरचे नामवंत खेळाडू तिच्यात होते. वेल्सच्या संघातून खेळलेले विल्फ वूलर हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. ते क्रिकेटमध्ये चेंडूही टाकत. मराठीत तोफ डागणाऱ्यालाही गोलंदाज म्हणतात आणि चेंडू टाकणाऱ्यालाही, तेव्हा वूलर यांना ही उपाधी दोन्ही अर्थांनी शोभते.

१९४१ च्या डिसेंबरात ही रेजिमेंट मध्यपूर्वेकडे जाण्यासाठी जहाजावर चढली. ती समुद्रात असतानाच जपान युद्धात उतरला आणि ताफ्याची दिशा बदलली. फेब्रुवारी १९४२ च्या आरंभी ती जावा बेटावर बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला उतरली. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले. १ मार्चला जपानी सैन्याने जावावर पाय ठेवला. विमानांसाठी आणलेल्या गोलंदाजांपैकी कित्येकांना तोफा सोडून रायफली हाती घ्याव्या लागल्या. ८ मार्चला डच सेनापतींनी शरणागती पत्करली आणि १२ मार्चला बांडुंग येथे ब्रिटिश सेनापती मेजर जनरल सिटवेल यांनी सही केली. इंग्लंडहून निघाल्यापासून जेमतेम तीन महिन्यांत अख्खी रेजिमेंट कैदेत गेली. कैदेतली पलटण दैनंदिनी लिहून पाठवणार कोणाकडे?

येथून पुढची साडेतीन वर्षे शोधायची ती शत्रूने केलेल्या नोंदींतून, कैद्यांच्या स्वतःच्या शब्दांतून आणि थडग्यांतून.

शत्रूच्या नोंदी म्हणजे जपानी युद्धकैदी कार्डे. सुटकेनंतर ती ब्रिटिशांच्या हाती आली आणि आज क्यू येथेच आहेत. एका कैद्याचे एक कार्ड. त्यावर नाव, हुद्दा, तुकडी, पकडल्याचे ठिकाण, घरचा पत्ता, व्यवसाय, आईवडिलांची नावे असा मजकूर असतो. शाळेचे जनरल रजिस्टर ज्यांनी हाताळले आहे, त्यांना ही रकान्यांची रचना ओळखीची वाटेल. पाठीमागे जपानी लिपीत बदल्यांच्या नोंदी असतात. दिनांक इसवी सनात नसतात, तर जपानी सम्राटाच्या शोवा कालगणनेत असतात, तेही आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने. शोवा १७ म्हणजे १९४२. शालिवाहन शकात ७८ मिळवून इसवी सन काढण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही, फक्त येथे १९२५ मिळवायचे. ही एक बेरीज न कळल्यामुळे ‘१७’ हा आकडा महिन्याचा दिवस समजून चुकीच्या कथा रचल्या जाऊ शकतात. कैदेत मरण पावलेल्याच्या कार्डावर तांबड्या शाईच्या दोन तिरप्या रेघा मारलेल्या आढळतात. ज्याला जपानी अक्षर वाचता येत नाही, त्यालाही त्या रेघा वाचता येतात.

कैद्यांचे स्वतःचे शब्द दोन प्रकारांनी उरले. एक, सुटका झाल्यावर भरून घेतलेल्या प्रश्नावल्या. कोणत्या छावण्या, केव्हापासून केव्हापर्यंत, कोणते काम, पळून जाण्याचा प्रयत्न केला का, असे त्यांतले प्रश्न. उत्तरे बहुधा दोन ओळींची. १९४५ मधल्या त्या थकलेल्या, घरी जाण्यास आतुर माणसांनी याहून अधिक लिहावे अशी अपेक्षा करणेही निष्ठुरपणाचे ठरेल. दुसरा प्रकार चोरून लिहिलेल्या रोजनिशांचा. याच रेजिमेंटमधील लेस स्पेन्स या रग्बीपटूने जावापासून जपानपर्यंतच्या कैदेत दैनंदिनी ठेवली आणि ती पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. सरकारी दैनंदिनी थांबली तिथे एका माणसाने ती आपल्यापुरती चालू ठेवली. मात्र अशी रोजनिशी लिहिणाऱ्याच्या छावणीपुरतेच पाहू शकते, आणि रेजिमेंट तर अनेक बेटांवर विखुरली होती. सिंगापूर, सयाम-ब्रह्मदेश रेल्वे, बोर्निओ, जपान, मोलुक्का बेटे, जिथे मजूर हवे होते तिथे जावातले कैदी पाठवले गेले.

राहिली थडगी. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या सूचीत प्रत्येक मृत सैनिकाची तारीख, तुकडी आणि समाधीचे ठिकाण असते. एकाच रेजिमेंटच्या सर्व नोंदी तारखेनुसार लावल्या, की एक चित्र आपोआप उभे राहते. एकेका महिन्यात एकेक, दोनदोन नावे दिसतात, तिथे आमांश, बेरीबेरी, उपासमार असा अंदाज बांधता येतो. पण एकाच तारखेखाली नावांची रांग लागते आणि समाधी मात्र कोणालाच नसते, तिथे शोधकाने थांबून समुद्राकडे पाहावे.

२९ नोव्हेंबर १९४३ ही तशी तारीख आहे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जावातून सुमारे दोन हजार कैदी हारुकू बेटावर प्रवाळी खडक फोडून धावपट्टी बांधण्यासाठी नेले होते. त्यांत बहुसंख्य विमानदलाचे, तसेच विमानविरोधी तोफखान्याचे जवान होते. तिथे शेकडो मेले, त्यांच्या समाध्या आज अंबोन येथे आहेत. जे आजाराने कामास निरुपयोगी झाले, त्यांतील सुमारे साडेपाचशे जणांना ‘सुएझ मारू’ या जहाजातून जावाला परत पाठवण्यात आले. जहाजावर कैदी असल्याची कोणतीही खूण नव्हती. अमेरिकी पाणबुडीने पाणतीर सोडला आणि जहाज बुडाले. पाण्यात तरंगणाऱ्या जपानी लोकांना सोबतच्या युद्धनौकेने वर घेतले. कैद्यांवर मात्र बंदुका चालवल्या. त्यांतला एकही घरी परतला नाही.

जहाज बुडाले एवढेच घरच्यांना कळले. १९४९ मध्ये एका जपानी अधिकाऱ्याच्या कबुलीपत्रामुळे चौकशी झाली, जबाब नोंदवले गेले, पण खटला उभा राहिला नाही आणि कागद दप्तरात गेले. ज्या आयांनी मुलगा समुद्रात बुडाला असे मानून आयुष्य काढले, त्यांपैकी किती जणींना खरे कधी समजले असेल? आज एखादी नात ते कागद उघडते तेव्हा आजीला जे सांगितले गेले नाही ते तिच्या हाती येते. हे कळणे सुखाचे नाही. तरीही शोधणारे शोधतात, आणि मध्येच हात आखडता घेत नाहीत.

या शोधाची एक शिस्त आहे. कार्ड, प्रश्नावली, रोजनिशी आणि समाधी यांची तोंडे जुळतात तेवढेच लिहायचे, आणि जिथे जुळत नाहीत तिथे कोरी जागा सोडायची. हौशी संशोधकांना हीच गोष्ट जड जाते. ‘आजोबांनी विमान पाडले’ ही घरातली आठवण दैनंदिनीत सापडली नाही, तर ती खोटी ठरत नाही आणि सिद्धही होत नाही. एका विमानावर अनेक तोफा एकदम चालत. ते कोणाच्या गोळ्याने पडले, हे तेव्हाही छातीठोकपणे सांगणे कठीण होते.

विल्फ वूलर चांगीच्या छावणीतून हाडांचा सापळा होऊन परतले. १९४८ साली त्यांच्या नेतृत्वाखाली ग्लॅमॉर्गनने इंग्लंडची काउंटी अजिंक्यपद स्पर्धा प्रथमच जिंकली. ‘सुएझ मारू’वरच्या गोलंदाजांची नावे सिंगापूरमधील क्रांजी येथील स्मारकाच्या खांबांवर आहेत. ज्यांना समाधी लाभली नाही अशा चोवीस हजारांहून अधिक जणांची नावे त्या स्मारकावर कोरली आहेत आणि त्यांत भारतीय लष्करातील जवानही पुष्कळ आहेत. आयोगाच्या सूचीत भारतीय जवानाच्या नावापुढे अनेकदा वडिलांचे नाव, पत्नीचे नाव, गाव आणि जिल्हा लिहिलेला असतो. ती सूची खुली आहे. कार्डिफच्या नातवाला लागते तेवढेच सामान तिथे शोधण्यास लागते: एक नाव, एक तुकडी आणि एक क्रमांक.