चपल : वाळूवर उभी असलेली युद्धनौका

सिल्लोडहून समुद्र दूर. मिरचीचे पैसे हातात आल्यावर मुलाबाळांना घेऊन युद्धनौका पाहायला कारवारला जा, असे कुणी सुचवले तर घरातून पहिला सवाल ठरलेला : एवढे लांब जायचे तर मोठे जहाज का नको? सवाल रास्त आहे. कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर, महामार्गाला लागून ठेवलेली ‘आयएनएस चपल’ ही क्षेपणास्त्र नौका चाळीस मीटरसुद्धा लांब नाही. (नाव ऐकून पोरे हसतील, अर्थ चपळ असा आहे.) माझे म्हणणे असे, की ती पाहण्याजोगी आहे ती या लहानपणामुळे, आणि आज पाहायला शिल्लक आहे तीही त्याच कारणाने.

मोठ्या जहाजांचे काय झाले ते आपल्याच राज्यात पाहा. ‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू नौका 1997 मध्ये निवृत्त झाली आणि 2001 पासून मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून लोकांना दाखवली जाऊ लागली. पण खाऱ्या पाण्यात उभे राहिलेले लोखंड रोज थोडे थोडे झिजते आणि दोनशे मीटरहून लांब जहाजाचा तळ दुरुस्त करायचा तर सुक्या गोदीशिवाय इलाज नाही. 2012 मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ती बंद झाली, 2014 मध्ये साठ कोटींना भंगारात गेली, आणि तिच्या पोलादाचा काही भाग पुढे मोटारसायकलींत उतरला. ‘विराट’ या दुसऱ्या विमानवाहू नौकेसाठी सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय करण्याची 852 कोटींची योजना राज्य मंत्रिमंडळाने 2018 मध्ये मंजूर केली होती, 2020 मध्ये ती नौका तोडणीसाठी अलंगला पोचली. उलट विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ पाणबुडी किनाऱ्यावर ओढून घेतली, म्हणून 2002 पासून लोक तिच्या पोटातून फिरत आहेत. ‘चपल’चीही तीच गोष्ट. पाण्याबाहेर काढता येईल एवढीच नौका आपल्याकडे टिकली.

यावर कुणी म्हणेल, अमेरिकेत न्यूयॉर्कच्या धक्क्याला ‘इंट्रेपिड’ ही विमानवाहू नौका 1982 पासून लोकांसाठी उभी आहेच ना? आहे. पण 2006 मध्ये तिला दुरुस्तीला न्यायचे ठरले तेव्हा ती गाळात अशी रुतली, की पहिल्या प्रयत्नात जागची हललीच नाही. तेवढा गाळ उपसण्याची आणि वर्षानुवर्षे डागडुजी करण्याची ऐपत असेल त्यानेच हत्ती दारात बांधावा.

आता लहानपणाचा दुसरा फायदा. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. म्हणूनच तो दिवस आपण नौदल दिन पाळतो. ‘चपल’ स्वतः त्या युद्धात नव्हती, ती 1976 मध्ये दाखल झाली. पण कूळ तेच, नंतरच्या सुधारित बांधणीचे. या सोव्हिएत बनावटीच्या नौका मुळात किनाऱ्याजवळच्या बचावासाठी होत्या. वेग दांडगा, अंगावर चार क्षेपणास्त्रे, पण इंधन थोडे. म्हणून मोठ्या जहाजांनी त्यांना काही अंतर ओढत न्यायचे, ही युक्ती नौदलाने आधीच सरावाने बसवली होती. पुस्तकात हे एका ओळीत वाचून होते. त्या अरुंद डेकवर उभे राहून क्षेपणास्त्रांच्या जाडजूड नळकांड्यांनी किती जागा खाल्ली आहे ते पाहिले आणि उरलेल्या जागेत तीसेक माणसे कशी राहत असतील याचा अंदाज बांधू लागले, की त्या युक्तीची गरज शाळकरी पोरालाही कळते. विमानवाहू नौकेवर माणूस भव्यतेने दिपतो. इथे तो हिशेब करू लागतो.

मुलांना शस्त्रे दाखवून युद्धाची हौस का लावायची, हा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. त्या रात्री बुडालेल्या ‘खैबर’ या पाकिस्तानी विनाशिकेवरही माणसेच होती, हे आईबापांनी तिथेच सांगावे. पण नौका म्हणजे नुसते शस्त्र नव्हे. आपल्याच अजिंठ्यात दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे गलबत रंगवलेले आहे : नाळेवर डोळा काढलेला, शिडे उभी, आणि गलबतावर ओळीने मांडलेले रांजण. समुद्रापासून इतक्या आत, डोंगरात बसलेल्या त्या चित्रकाराला गलबताची ठेवण माहीत होती. पाणी किती न्यायचे, माणसे किती, वाट कशी दिसणार, हेच प्रश्न ‘चपल’ बांधणाऱ्यांपुढेही होते. डोळ्याच्या जागी रडार आले इतकेच. तेव्हा समुद्र आपला नाही, असे सिल्लोडकरांनी तरी म्हणू नये. कारवारला निघण्याआधी एक रविवार त्या लेण्यासाठी काढा. आणि नौकेची वेळ व साप्ताहिक सुट्टी आधी विचारून घ्या. आजी सोबत असतील तर आतल्या अरुंद वाटा त्यांना जमतील का, तेही पाहा. नाही जमले तर समोरच्या वाळूवर बसायला जागा भरपूर आहे.