नाव यादीत आले की

लांबी पंधरा सेंटिमीटर, रुंदी साडेदहा. युद्धकैद्याने घरी पाठवायच्या पहिल्या कार्डाचे हे माप 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या परिशिष्टात ठरवून दिले आहे. त्यावर नाव, वडिलांचे नाव, हुद्दा, क्रमांक, जवळच्या नातेवाइकाचा पत्ता लिहायचा. प्रकृतीसाठी पर्याय छापलेलेच असतात: ठणठणीत, आजारी, किरकोळ जखमी, गंभीर जखमी. लागू नसेल ते खोडायचे आणि एक अक्षरही जास्त लिहायचे नाही. छावणीत पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत अशी दोन कार्डे निघाली पाहिजेत, एक घरी आणि एक जिनिव्हाच्या मध्यवर्ती युद्धकैदी कार्यालयाला.

इतक्या कोरड्या कागदाची वाट घरचे डोळ्यांत प्राण आणून का पाहतात? कारण त्यावर कैद्याची ख्यालीखुशाली नसली तरी तो जिवंत आहे, एवढे असते. शिवाय आणखी एक गोष्ट घडते. त्याचे नाव सरकारी दप्तरात चढते, आणि दप्तरात चढलेला माणूस सहजासहजी नाहीसा करता येत नाही.

ही व्यवस्था आकाराला आली ती पहिल्या महायुद्धात. ऑगस्ट 1914 मध्ये जिनिव्हात रेड क्रॉसने युद्धकैद्यांची चौकशी करणारे कार्यालय उघडले. फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ तिथे स्वयंसेवक म्हणून काम करत होते. युद्ध संपेपर्यंत तिथे सुमारे सत्तर लाख कार्डे जमली. त्याच युद्धात, 29 एप्रिल 1916 रोजी, मेसोपोटेमियातल्या कुत येथे सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांना शरण गेली. तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. शिपायांना वाळवंटातून पायी चालवत नेले, अनेकांना रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामाला जुंपले. वाटेत किती पडले याची मोजदाद राहिली नाही. सातारा-रत्नागिरीकडच्या त्यांच्या घरांत पत्र आलेच, तरी ते वाचून दाखवायला मास्तर नाहीतर पोस्टमन लागायचा. पुढे जून 1942 मध्ये तोब्रुक पडले, तेव्हा पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी बटालियनही कैदेत गेली.

1949 च्या कराराने या अनुभवातून काही गोष्टी कलमांत बांधल्या. कैद्याला महिन्याला किमान दोन पत्रे आणि चार कार्डे लिहिता आली पाहिजेत, टपालखर्च माफ, आणि पत्र शक्यतो मायबोलीत. हे शेवटचे कलम वाटते तितके साधे नाही. पत्र मराठीत लिहायची मुभा द्यायची, तर ते तपासायला मराठी वाचता येणारा कुणीतरी शत्रूच्या कार्यालयात हवा. नाहीतर पत्रे टेबलावरच साचतात.

1971 च्या भारत-पाक युद्धात दोन मराठी आडनावांच्या वाट्याला या व्यवस्थेची दोन टोके आली. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचे विमान 10 डिसेंबरला पडले. ते रावळपिंडीच्या छावणीत इतर भारतीय वैमानिकांबरोबर राहिले. नोंद झालेले कैदी असल्याने ते कुठे आहेत हे ठाऊक होते. ऑगस्ट 1972 मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन सहकाऱ्यांसह ते भिंत फोडून पळाले आणि अफगाण सीमेजवळ, लंडी कोतलच्या बाजूला, पुन्हा पकडले गेले. असे धाडस केलेला माणूसही 1 डिसेंबर 1972 रोजी सहाशेहून अधिक भारतीय कैद्यांबरोबर वाघ्याहून परतला. यादीतल्या नावाने किती राखण केली, ते इथे दिसते.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे सुखोई-7 त्याआधीच, 5 डिसेंबरला, शोरकोटजवळ पडले होते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, 1970 च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावे देणाऱ्या पाकिस्तानी वृत्तपत्रातल्या बातमीत ‘टॉम्बे’ असे एक नाव होते. त्या वेळी घरच्यांच्या हाती पुरावा आला तो एवढाच. कार्ड आले नाही, पत्र आले नाही, आणि वाघ्याहून परतलेल्यांत ते नव्हते.

मेजर अशोक सुरी यांची कहाणी आणखी चटका लावते. लष्कराने त्यांना मृत ठरवले होते. डिसेंबर 1974 मध्ये वडिलांच्या हाती चिठ्ठी पडली, मुलाच्या अक्षरात, आपण ठीक असल्याची. पुढच्या वर्षी कराचीहून दुसरी आली. तिच्यात आपल्यासोबत वीस अधिकारी असल्याचे लिहिले होते. अक्षर पटल्यावर सरकारी नोंद ‘मृत’वरून ‘बेपत्ता’वर आली. रेड क्रॉसच्या कार्डाने जे करायचे, ते चोरवाटेने आलेल्या चिठ्ठीने केले, पण अर्धेच. बेपत्ता माणूस कुणी कैदी म्हणून परत मागितला, तरी समोरचा ‘आमच्याकडे नाही’ म्हणायला मोकळा असतो.

पाकिस्तान तेच म्हणत आला आहे. 1983 मध्ये काही नातेवाइकांना मुलतानच्या तुरुंगात नेले गेले. जून 2007 मध्ये चौदा जण तुरुंगांतून फिरले, त्यांत दमयंतीबाई होत्या. कुणीही सापडले नाही. ज्या सरकारने इतकी वर्षे कैदी नाकारले, त्यानेच आखून दिलेल्या फेरीत ते सापडतील, ही अपेक्षाच भाबडी होती. खरी चूक 1972 ची आहे. तेव्हा भारताच्या ताब्यात सुमारे 93 हजार पाकिस्तानी कैदी होते. त्यांतला शेवटचा एप्रिल 1974 मध्ये परत गेला, तरी आपल्या बेपत्तांची नावे एकेक करून पडताळून घेण्याचा आग्रह तडीस गेला नाही.

फेब्रुवारी 2019 मध्ये भारतीय हवाई दलाचे वैमानिक अभिनंदन वर्धमान पाकिस्तानात पकडले गेले, तेव्हा घरच्यांना कार्डाची वाट पाहावी लागली नाही. काही तासांत त्यांचा रक्ताळलेला चेहरा मोबाइलवर देशभर फिरला. कैद्याचे असे प्रदर्शन करायला करारात बंदी आहे. पण जगाने चेहरा पाहिला होता, आणि 1 मार्चला ते परतले.

2019 मध्ये भारत सरकारने संसदेत सांगितलेला आकडा असा: बेपत्ता 83 सैनिक, त्यांतले 1971 पासून पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचे मानले जाणारे 54. 2008 च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. पाकिस्तानच्या यादीत नागरिक असतात आणि मच्छीमार असतात, त्यांत पालघरकडचेही. या 54 जणांपैकी एकाचेही नाव तिथे आलेले नाही. त्याच दिवशी निघणाऱ्या भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या निवेदनात मात्र बेपत्ता सैनिकांना सोडण्याची मागणी दरवेळी असते.