नवा गडी



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की आता हा मजुरी, महागाई आणि मोर्चा ह्या तीन मकारांवर तासभर बोलणार, अशी श्रोत्यांची खात्री असते. ती अगदीच निराधार नाही. गेली तीस वर्षे आम्ही ह्या आलापल्लीच्या परिसरात, लाकडाच्या आगारांत, आरागिरण्यांत आणि तेंदूच्या फळ्यांवर, हेच बोलत आलो. आज मात्र आम्ही विषय घेतला आहे तो मोबाइलवर अनेकांनी मिळून खेळायच्या खेळांचा. आणि त्यातही एकाच प्रश्नाचा. अशा खेळाकडे नवा गडी येतो कसा, आणि आलेला गडी टिकतो कसा?

विषय कळवला तेव्हा चिटणीसांनी विचारले, "भाऊ, तुमचे आणि त्या खेळांचे नाते काय?" त्याचे उत्तर आधी देतो.

आमच्या संघटनेच्या खोलीपुढे एक ओटा आहे. संध्याकाळी तिथे दहा-बारा पोरे बसत. आम्हाला वाटे, ही चळवळीची भावी पिढी! पुढे कळले, की ओट्यावर मोबाइलला रेंज चांगली मिळते म्हणून ती येतात. आत आमची सभा चाले. तिथे पन्नाशीच्या आतला माणूस शोधावा लागे. बाहेर ओट्यावर विशीच्या वरचा सापडत नसे. मध्ये फक्त एक उंबरठा.

एके दिवशी त्यांतला एक पोरगा तो उंबरठा ओलांडून आत आला. वय एकोणीस. एका ठेकेदाराने त्याची अकरा दिवसांची मजुरी कापली होती. आम्ही काय केले? त्याला बसवले आणि संघटनेचा इतिहास सांगू लागलो. पाऊण तास सांगितला. तो संपतो न संपतो तोच आमच्या एका जुन्या सभासदाने विचारले, "पावती फाडली काय? वर्गणी नाही, तर गाऱ्हाणे कसले?" सगळे हसले. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. पोरगा उठला आणि बाहेर गेला. पुन्हा तो आत आला नाही. काही दिवसांनी कळले, की तो मिरची तोडायला तेलंगणात निघून गेला.

त्याच आठवड्यात त्याच ओट्यावर आम्ही दुसरा प्रकार पाहिला. पाहुणा आलेला एक लहान मुलगा प्रथमच खेळायला बसला होता. मोठी पोरे त्याला सांगत होती, "माझ्या मागे राहा. ही बंदूक घे. पडलास तर हाक मार, मी उठवतो." तो पडला, त्यांनी उठवले. पुन्हा पडला, पुन्हा उठवले. तासाभरात तो त्यांच्यातलाच एक झाला. आम्हाला वाटले, जी विद्या आम्हाला तीस वर्षांत साधली नाही ती ह्या पोरांना कुणी शिकवली? म्हणून आम्ही त्यांच्या शेजारी बसलो, विचारू लागलो, मिळेल ते वाचू लागलो. सातवीनंतर शाळा सुटलेल्या माणसाचे शिक्षण असेच होत असते.

खेळ साधा आहे. शंभर माणसे विमानातून एका बेटावर उतरतात. शस्त्र शोधायचे, दुसऱ्याला मारायचे, आणि मैदान आक्रसत जाते तसे आत सरकायचे. शेवटी उरतो तो जिंकतो. चौघांची टोळी करून खेळले, तर घायाळ साथीदाराला उठवता येते. 'पबजी मोबाइल' हा त्यांतला आपल्याकडे सर्वांत गाजलेला. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने त्यावर बंदी घातली. २ जुलै २०२१ रोजी तो निराळ्या नावाने परत आला. आला तेव्हा जुन्या खात्यातला पसारा नव्या खेळात आणण्याची सोय ठेवलेली होती. म्हणजे घर पडले, तरी भांडीकुंडी शाबूत राहिली. माणसे परत आली त्याला हेही एक कारण आहे, असे आम्हाला वाटते.

आता मुख्य प्रश्न. गडी येणे आणि गडी टिकणे, ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बंदीच्या काळात बंगलोरच्या एका कंपनीने 'फौजी' नावाचा देशी खेळ जाहीर केला. चाळीस लाखांहून अधिक लोकांनी आगाऊ नावे नोंदवली. २६ जानेवारी २०२१ रोजी खेळ उघडला. पण त्यात चार मित्रांनी मिळून खेळायची सोयच तेव्हा नव्हती, होती ती एकट्याने पुढे सरकायची कथा. लोकांचा हिरमोड झाला आणि काही दिवसांतच त्यांनी दिलेले गुण घसरले. आपल्या पुण्यातल्या सुपरगेमिंग कंपनीचा 'इंडस' १६ ऑक्टोबर २०२४ रोजी बाजारात आला, तेव्हा त्याच्या आगाऊ नोंदण्या एक कोटीवर गेल्या होत्या. आकडा मोठा आहे, पण नाव नोंदवणारा म्हणजे खेळणारा नव्हे. मांडवाच्या दारात गर्दी जमवणे निराळे आणि पंगतीला माणूस बसवणे निराळे.

आमच्या चळवळीला हा धडा फार जुना आहे. १९२८ च्या मुंबईच्या मोठ्या संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. काहीशे सभासदांपासून निघून वर्षअखेर ती चोपन्न हजारांच्या घरात पोचली. पुढच्याच वर्षी दुसरा संप फसला आणि ते हजारो सभासद ओसरून गेले. त्यामागे सरकारची आणि मालकांची दडपशाही होती, नेत्यांची धरपकड होती, हे खरेच. पण लाटेबरोबर आलेला माणूस लाटेबरोबर जातो, हेही तितकेच खरे आहे.

मग नवा गडी जातो कशाने? पहिले कारण उघड आहे. तो येताक्षणी मार खातो. दहा वर्षे खेळलेल्यापुढे कालचा पोरगा उभा केला, तर दुसऱ्या दिवशी तो येईल कशाला? ह्यावर आपल्या आयाबहिणींनी अंगणात केव्हाच उपाय काढलेला आहे. त्याचे नाव लिंबू-टिंबू. लहानग्याला खेळात घ्यायचे, त्याला पळू द्यायचे, पण त्याच्यावर राज्य आणायचे नाही. कंपन्या तेच करतात, फक्त यंत्राने. बुद्धिबळात अर्पाद एलो ह्या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन प्राध्यापकाने खेळाडूचे बळ आकड्यात मोजायची रीत बसवली. ती जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० साली स्वीकारली. तिच्याच पोटी जन्मलेल्या रीतींनी आज कित्येक खेळांत बरोबरीचा गडी समोर आणला जातो. पण त्यासाठी मुळात गडी पुष्कळ हवेत. ते थोडे असले, तर यंत्रापुढे दोनच वाटा उरतात: नव्याला ताटकळत ठेवा, नाहीतर पहिलवानाच्या तोंडी द्या. दोन्ही वाटांनी तो जातो. तो गेला की उरलेले आणखी थोडे होतात, आणि आखाडा ओस पडत जातो.

त्यावर कंपन्यांनी बुजगावणी काढली. माणसासारखे पळणारे, पण यंत्राने चालणारे खोटे खेळाडू. 'फोर्टनाइट' हा खेळ चालवणाऱ्या कंपनीने २०१९ साली ते उघडपणे जाहीर केले. नवा गडी ह्या बुजगावण्यांना मारतो, खूश होतो, हळूहळू हात बसतो. वाईट काय? वाईट एवढेच, की बुजगावणे कमी झाले की त्याला खरा मार बसतो, आणि आजवरचा आपला पराक्रम लटका होता, हे कळते. लिंबू-टिंबूला आपण लिंबू-टिंबू आहोत हे ठाऊक असते, कारण ते सगळ्यांदेखत ठरलेले असते. न सांगता केलेली दया आणि सांगून दिलेली सवलत ह्यांत फरक आहे. कामगाराला हा फरक चांगला कळतो.

दुसरे कारण, हरल्यावर काय होते. कबड्डीच्या जुन्या रीती तीन. संजीवनीत समोरचा एक बाद झाला, की आपला एक बाद गडी परत आत येतो. गामिनीत बाद झालेला गडी आपली सबंध बाजू बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. अमरमध्ये कुणी बाहेर जातच नाही, नुसते गुण मोजतात. आजच्या कबड्डीत संजीवनी टिकली, ह्याचे आम्हाला नवल वाटत नाही. तिच्यात मरणाला किंमत आहे, आणि परतीची आशाही आहे. शिवाय ती आशा सोबत्याच्या चढाईवर अवलंबून आहे. ओट्यावरची पोरे एकमेकांना उठवतात ती संजीवनीच. आमच्या खोलीत मात्र आम्ही गामिनी चालवली होती: एकदा चुकला तो बाहेर, आणि बाहेरच.

तिसरे कारण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९७८ साली इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल ह्या दोन विद्यार्थ्यांनी नुसत्या अक्षरांवर चालणारा, अनेकांनी मिळून खेळायचा संगणकाचा खेळ तयार केला. पुढे १९९६ साली बार्टलने खेळणाऱ्यांचे चार प्रकार लिहून ठेवले, आणि त्यांना पत्त्यांची नावे दिली. चौकट, म्हणजे मिळवणारे. इस्पिक, म्हणजे खणून शोधणारे. बदाम, म्हणजे माणसांसाठी येणारे. आणि किलवर, म्हणजे दुसऱ्याला झोडपण्यात ज्यांना सुख, ते. किलवर फार झाले की बदाम निघून जातात, असे त्याचे म्हणणे. आमच्या सभेत त्या दिवशी पावतीवरून हसणारे आम्ही सगळे किलवर होतो.

पण ह्यावरही एक तोड ऐका. 'ईव्ह ऑनलाइन' हा आइसलंडच्या कंपनीचा अंतराळातला खेळ, २००३ पासून चालू असलेला. त्यात कुणाचे जहाज कुणीही फोडू शकतो. कंपनीला वाटे, नवे लोक ह्या लुटारूंमुळे जात असतील. २०१५ साली तिने ऐंशी हजार नव्या खेळाडूंचे पहिले पंधरा दिवस तपासले. निघाले उलटे! ज्यांचे जहाज दुसऱ्यांनी फोडले होते तेच अधिक टिकले होते. आणि बहुसंख्य नव्यांना तर कुणी मारलेच नव्हते. ह्याचा आमचा अर्थ असा: मार खाणाऱ्याला निदान दुसरा माणूस भेटला होता. बाकीचे एकटेच भटकले, कुणी त्यांच्याकडे पाहिले नाही, आणि ते निघून गेले. आमचा अनुभवही हाच आहे. ज्याला नोटीस आली, ज्याची हजेरी कापली गेली आणि ज्याच्या बाजूने कुणीतरी साहेबापुढे उभे राहिले, तो सभासद जन्मभराचा होतो. ज्याला काहीच झाले नाही आणि कुणी विचारलेही नाही, तो पहिल्या वर्षाच्या पावतीवरच संपतो.

इथे कुणी म्हणेल, भाऊ आता कंपन्यांची भाटगिरी करू लागले. तसे नाही. टिकवणे आणि अडकवणे ह्यांत अंतर आहे. रोज आलात तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली. पैसे भरून बंद पेटी घ्या, आत काय निघेल ते नशीब. ही टिकवण्याची रीत नव्हे. तशा पेट्यांना बेल्जियमने २०१८ साली जुगार ठरवले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या संसदेने २०२५ साली कायदा करून बंदी घातली. मुकादमाची उचल घेतलेला मजूरही हंगामभर टिकतो. पण तो टिकला असे आपण म्हणत नाही, तो अडकला असे म्हणतो. कसोटी एकच: ज्याला उद्या मोकळ्या मनाने जाता येते आणि तरीही जो येतो, तोच टिकला.

एवढे शिकून आम्ही संघटनेत तीन लहान बदल केले. पहिला, गाऱ्हाणे आधी आणि पावती नंतर. दुसरा, येणाऱ्या प्रत्येकाला एक जुना सभासद जोडीदार म्हणून द्यायचा. तो महिनाभर त्याच्याबरोबर राहील. तिसरा, पहिल्याच दिवशी नव्याच्या हाती काम द्यायचे. सत्तर पानांचा पुडा आणि हजार पुड्यांचे पोते, हा तेंदूचा हिशोब पोरे मोबाइलवर आमच्यापेक्षा लवकर करतात. म्हणून फळीवरची नोंदवही आम्ही त्यांच्याकडे दिली. गेल्या हंगामात पाच जण आले. त्यांतले तिघे आजही आहेत. आकडा लहान आहे, पण आम्ही तो फुगवणार नाही.

त्या तेलंगणात गेलेल्या पोराचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. आमच्याकडे त्याचा पत्ता नव्हता, नंबर नव्हता. सभासद नसलेल्याचा नंबर ठेवायचा असतो, हे आम्हाला सुचलेच नव्हते. ओट्यावरच्या पोरांना विचारले, तर ती म्हणाली, "तो? तो तर रोज रात्री आमच्याबरोबर असतो." मिरचीच्या वावरातून तो रात्री दहाला खेळात येत होता. त्यांनी खेळताखेळताच त्याला निरोप दिला, की अकरा दिवसांच्या मजुरीचा अर्ज करायचा आहे, काकांनी बोलावले आहे. पलीकडून आवाज आला, "पावती आधी फाडावी लागेल काय?"

आमच्या कानाला लावलेला तो मोबाइल आम्ही तसाच धरून राहिलो. मग म्हणालो, "नाही रे बाबा. तू ये फक्त."

तो होळीला आला. अर्ज केला, चार खेटे घातले, आणि अकरांपैकी आठ दिवसांची मजुरी मिळाली. तीन दिवसांची अजून बाकी आहे, आणि तिच्यासाठी आता आमच्याबरोबर तोही येतो.

नवा गडी, नवे राज्य, अशी आपल्याकडे म्हण आहे. नव्या गड्याला राज्य करू द्यायला जुन्यांची तयारी नसते, म्हणून ती बहुधा कुत्सितपणे वापरतात. आमची एवढीच विनंती आहे, की तुमची भजनी मंडळे असोत, वाचनालये असोत, सहकारी संस्था असोत किंवा ही व्याख्यानमाला असो, पुढच्या वेळी उंबरठ्यावर कुणी नवा पोरगा दिसला, तर त्याला इतिहास सांगू नका. त्याला आधी विचारा, "काय झाले रे?" आणि मग थोडा वेळ आपण गप्प बसा.