वजन उतरलं, पण कशाचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मी कवी माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी वाङ्मय घेऊन. हाडांवर बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा. पण आमच्या घरात जे घडलं त्यात थोडा दोष माझाही आहे, म्हणून बोलतो.

मंगरूळपीरला माझी मोठी बहीण राहते. आम्ही सगळे त्यांना आपा म्हणतो. वय एकसष्ट, वजन ब्याऐंशी किलो. गुडघे दुखू लागले तेव्हा डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं. कसं करायचं, हे विचारायला आपा थांबल्या नाहीत. सकाळी कोरा चहा, दुपारी अर्धी भाकर आणि पातळ वरण, रात्री काहीच नाही. दूध बंद, अंडी बंद, तेलकट म्हणून तीळ-शेंगदाणे बंद. गुडघे दुखतात म्हणून चालणंही बंद. आठ महिन्यांत बारा किलो उतरले. मोहल्ल्यात कौतुक झालं. मी तर ईदच्या दिवशी त्यांच्यावर चार ओळी रचून सगळ्यांसमोर म्हटल्या. आपा लाजून हसल्या आणि दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या भाकरीची चतकोर केली.

पावसाळ्यात त्यांचा पाय ओट्याच्या पायरीवरून घसरला. पायरी वीतभर उंचीची, पण घोटा मोडला. पुढे अकोल्याला हाडांची घनता मोजली, तर खुब्याचं हाडही बरंच विरळ निघालं. मी डॉक्टरांना विचारलं, "एवढं वजन उतरवलं, तरी असं?" ते म्हणाले, "हाड त्यामुळेच मोडलं, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. वय आहे, पाळी थांबून बरीच वर्षं झाली आहेत. पण काट्याने तुम्हाला फक्त बारा किलो सांगितले. त्यात चरबी किती गेली, स्नायू किती आणि हाड किती, हे काटा सांगत नाही."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना.

आपला समज असा, की लठ्ठ माणसाची हाडं दणकट. तो अर्धाच खरा. हाड ही जिवंत गोष्ट आहे. ते रोज थोडं झिजतं, रोज थोडं नव्याने भरतं, आणि जेवढा भार पडेल तेवढं घट्ट होतं. जड माणसाच्या हाडांवर भार जास्त, म्हणून घनताही बहुधा जास्त असते. पण तोच माणूस पडला तर आदळतोही जोरात. शिवाय ड जीवनसत्त्व चरबीत पसरून राहतं, रक्तात कमी सापडतं. आणि वजन भराभर उतरलं, की हाडांवरचा भार कमी होतो. काम कमी झालं असं समजून हाडही विरळ होऊ लागतं. पोटात पुरेसं अन्न नसेल, तर झीज आणखी वाढते.

यावर अमेरिकेतल्या सेंट लुइस इथे झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पासष्टीच्या पुढच्या १०७ लठ्ठ माणसांना वर्षभर पाहिलं. ज्यांनी फक्त आहार कमी केला त्यांचं वजन १० टक्के उतरलं, पण खुब्याच्या हाडाची घनता सुमारे ३ टक्के घटली. ज्यांनी आहाराबरोबर व्यायामही केला त्यांचं वजन जवळपास तेवढंच, ९ टक्के उतरलं आणि हाड मात्र १ टक्काच घटलं. व्यायाम कोणता, याचं उत्तर २०१७ मधल्या अभ्यासाने दिलं. वजन उतरवताना केवळ चालण्यासारखा, दम वाढवणारा व्यायाम करणाऱ्यांचं हाड ३ टक्के घटलं, तर वजन उचलणाऱ्यांचं अर्धा टक्काच.

हे वाचताना मला अम्मी आठवली. पहाटे जात्यावर ज्वारी, मग डोक्यावर पाण्याची गुंड. ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही, त्या कष्टांनी तिची पाठही मोडली होती. पण भार होता. आता पीठ गिरणीतून येतं, पाणी नळाला येतं आणि तो भार उचलायला दुसरं काही आलं नाही.

कुणी म्हणेल, वाशीम हा आकांक्षित जिल्हा, इथे कुपोषणाची गोष्ट करा, लठ्ठपणा शहरातला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला आणि एका ब्रिटिश डॉक्टर मित्राचा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. पण मित्राच्या अंगात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या २१ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त, ही आपली ठेवण. लठ्ठपणा आणि कुपोषण एकाच घरात, एकाच देहात नांदतात.

आपला जिल्हा सोयाबीनचा. पोत्यांनी पिकवतो, बाजार समितीत नेऊन घालतो आणि घरात येतं ते फक्त तेल. त्यातली प्रथिनं, जी स्नायूंना हवीत, ती आपल्या ताटात येतच नाहीत. शंभर ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतं. २०२० च्या राष्ट्रीय शिफारशीनुसार प्रौढांना दिवसाला १००० आणि पाळी थांबलेल्या स्त्रीला १२०० मिलिग्रॅम हवं. चमचा-दोन चमचे तीळ, कपभर दूध किंवा दही, वाटीभर घट्ट वरण, अंडं, शेवग्याचा पाला, यात महागडं काही नाही. ऊनही फुकट आहे. पण घरातच दिवस जाणाऱ्या आमच्या बायकांना, मग त्या बुरख्यातल्या असोत की पदरातल्या, ते क्वचितच मिळतं.

आता आपा डॉक्टरांच्या सल्ल्याने जेवतात. भात-साखर कमी, पण दूध, अंडी, तीळ परत आले. घोटा जुळल्यावर फिजिओथेरपिस्टने शिकवलं तसं खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, वाळूच्या छोट्या पिशव्या हातात घेऊन वर-खाली करणं सुरू आहे. सुरुवातीला एकदा उठणंही जमत नव्हतं.

परवा फोनवर म्हणाल्या, "वजन दोन किलो वाढलं रे."

मी विचारलं, "हात न टेकता किती वेळा उठता?"

"दहा वेळा."

मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "यंदा ईदला ओळी करशील, तर यावर कर."