बर्फ का होत नाही?

शीतकपाटातील बर्फयंत्र थांबले की गृहस्थ कारागिराला बोलावतो, आणि नव्या यंत्राची किंमत ऐकून स्वतःच गार पडतो! देवासकरांनी संशय प्रथम पाण्यावर घ्यावा. ज्या नगरीला १९९० साली आगगाडीने पाणी आणावे लागले, तिला हे निराळे सांगावयास नको.

नळीने पाणी घेणाऱ्या यंत्राला पाण्याचा जोरही लागतो. गच्चीवरील टाकी चार मीटर उंच असेल, तर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ४०० ग्रॅम दाब मिळतो. पुष्कळ यंत्रांना १४०० तरी हवा असतो. विशेष हे की, विजेवर चालणारी झडप घट्ट मिटण्यासही हाच दाब साहाय्य करतो. तो अपुरा पडला की झडप झिरपते, आणि झिरपलेला थेंब नळीच्या तोंडाशी गोठून वाट बुजवतो. मग नवे यंत्र आणले तरी तेही थांबणारच.

खडे दिवसेंदिवस लहान होत गेले असतील, तर गाळणी क्षारांनी तुंबली आहे काय, ते पाहावे. विंधणविहिरीचे पाणी बहुधा जड असते. बर्फ एकाएकी बंद झाला असेल, तर भांडे भरल्याची खूण देणारी दांडी वर अडकलेली असू शकते. गोठलेली नळी वीज बंद करून कोमट पाण्याने मोकळी करावी. त्यानंतर कप्पा पुन्हा उणे १८ अंशांवर येईपर्यंत, म्हणजे सुमारे एक दिवस, वाट पाहावी.