मोटारीच्या ब्रेकमधील हवा

मोटार चालते कशी, याविषयीं सुशिक्षित घरांतून बरेंच कुतूहल असतें. ती थांबते कशी, याचा विचार सहसा ती वेळेवर थांबली नाहीं म्हणजेच होतो. पायाखालीं एक पेडल असतें, तें दाबलें कीं गाडी उभी राहते, एवढ्या ज्ञानावर माणसें वर्षानुवर्षें गाडी हांकतात. मग एखाद्या दिवशीं तें पेडल पायाला मऊ लागूं लागतें. एकदां दाबून भागत नाहीं. दोनतीनदां दाबल्यावर तें वर येतें. पुष्कळ गृहस्थ या नव्या खोडीशीं जुळवून घेतात आणि दोनदां दाबण्याची संवय पायाला लावून घेतात. ही संवय घातक आहे. कारण मऊ पेडल हें बहुधा ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरल्याचें लक्षण असतें.

मोटारीच्या आरंभीच्या काळांत ब्रेक लोखंडी दांड्यांनीं व तारांनीं ओढले जात. चारी तारा सारख्या ताणलेल्या ठेवणें कठीण. एक चाक अगोदर धरी, दुसरें मागाहून, आणि गाडी एका बाजूस ओढली जाई. द्रवाच्या दाबानें ब्रेक लावण्याची युक्ति अमेरिकेंत माल्कम लॉकहीड यानें १९१७ च्या सुमारास सिद्ध केली, आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीवर ती चारी चाकांना आली. फोर्डच्या गाड्यांवर मात्र ती १९३९ सालीं पोहोंचली. या युक्तीचें मूळ सतराव्या शतकांतील पास्कल या फ्रेंच पंडिताच्या सिद्धांतांत आहे. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोंचतो. चार चाकांना समान न्याय मिळतो तो यामुळें.

द्रव जवळजवळ मुळींच चेपला जात नाहीं म्हणून हें साधतें. हवा मात्र सहज चेपली जाते. पेडलच्या पलीकडे मास्टर सिलिंडर नांवाचें नळकांडें असतें व त्यांत एक दट्ट्या सरकतो. त्या दट्ट्याचा व्यास १९ मिलिमीटर धरल्यास त्याचें क्षेत्रफळ तीन चौरस सेंटिमीटरांहून किंचित् कमी भरतें. जोरानें ब्रेक लावतांना नळींतील दाब वातावरणाच्या ५० पटींवर सहज जातो, आणि त्या दाबाखालीं हवेचा बुडबुडा जवळजवळ नाहींसा होतो. एक घन सेंटिमीटर हवा असेल, तर ती चेपण्यांतच दट्ट्याची सुमारें साडेतीन मिलिमीटर चाल खर्ची पडते. पेडलची तरफ पांचपट असली, तर पायाला पावणेदोन सेंटिमीटर अधिक जावें लागतें. अशी पांच घन सेंटिमीटर हवा, म्हणजे चहाचा एक चमचाभर, सांचली कीं पेडल तळाशीं टेकण्याची वेळ येते.

ही हवा दुरुस्तीसाठीं नळी उघडली म्हणजे शिरते. टांकींतील द्रव फार खालीं गेला म्हणजे शिरते. क्वचित् झिजलेल्या रबरी वाटींतूनही शिरते. तिचा अधिक कपटी अवतार म्हणजे वाफ. बाजारांत ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात तें वस्तुतः तेल नव्हे. बहुतेक गाड्यांत तें ग्लायकॉल जातीचें द्रव्य असतें, आणि पावसाळ्यांत मिठाला पाणी सुटावें तसें तेंही हवेंतील ओलावा ओढून घेतें. डॉट ३ जातीचें कोरडें द्रव्य निदान २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाहीं. परंतु त्यांत सुमारें पावणेचार टक्के पाणी मुरलें कीं ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खालीं येऊं शकते. डॉट ४ चे हेच आंकडे २३० व १५५ आहेत.

घाट उतरतांना या आंकड्यांची परीक्षा होते. हजार किलोग्रॅम वजनाची गाडी केवळ ब्रेकच्या जोरावर तीनशें मीटर खालीं उतरविली, तर जी उष्णता उत्पन्न होते तिनें सुमारें नऊ लिटर पाणी उकळीस येईल. कोंकणच्या ओल्या हवेंत चार पावसाळे काढलेलें द्रव्य कुंभार्ली किंवा आंबोलीच्या उतारावर चाकापाशीं उकळलें, कीं क्षणापूर्वीं कठीण असलेलें पेडल एकाएकीं खालीं जातें. म्हणूनच हें द्रव्य साधारणपणें दोन वर्षांनीं बदलावें व उतारावर गिअर खालचा ठेवावा.

हवा काढण्याचें काम घरीं होऊं शकतें, पण त्याला दोन माणसें लागतात. एक जुनी पद्मिनी बाळगणारें घर डोळ्यांपुढें आणावें. कुर्ल्याच्या कारखान्यांत झालेली ही गाडी मुंबईच्या टॅक्सींतून ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली, तरी कांहीं अंगणांत ती अजून मायेनें सांभाळलेली आढळते. रविवारची सकाळ आहे. वडील आसनावर बसले आहेत आणि मुलगा मागील डाव्या चाकापाशीं आहे. गाडी सपाट जमिनीवर, चाकांना दगड लावलेले, आणि उचललेला भाग केवळ जॅकवर न ठेवतां भक्कम घोड्यांवर टेकविलेला. ड्रममधील पट्ट्यांचें अंतर आधींच जुळवून घेतलेलें. कारण पट्ट्या झिजल्यानेंही पेडल खोल जातें, आणि त्या दोषाला हवा काढणें हा उपाय नव्हे.

सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करतात; तथापि गाडीच्या पुस्तिकेंत निराळा क्रम दिला असल्यास तोच पाळावा. चाकामागील निपल पुसून त्यावर रिंग पाना बसवावा, पारदर्शक नळी चढवावी, आणि नळीचें दुसरें टोंक बाटलींतील नव्या ब्रेक ऑइलमध्यें बुडवावें. मग मुलगा म्हणतो, "बाबा, दाबा." वडील सावकाश दाबतात व "दाबलें" म्हणून उत्तर देतात. निपल पाव ते अर्धा फेरा उघडतो, पेडल खालीं जातें, बाटलींत बुडबुडे येतात. निपल पुन्हा बंद झाल्यावरच मुलगा "आतां सोडा" म्हणतो. या एका वाक्यांत सारें काम आहे. निपल उघडा असतां पेडल सुटलें, तर बाहेर काढलेली हवा पुन्हा आंत ओढली जाण्याचा धोका असतो. म्हणून येथें वडीलकीचा मान तेवढ्या वेळापुरता पान्याकडे जातो, आणि वडिलांनीं घाई न करतां मुलाच्या शब्दाची वाट पाहावी लागते.

बुडबुडे थांबेपर्यंत हा क्रम चालवावा. प्रत्येक चाकानंतर टांकी भरावी. ती रिती झाली तर सर्व श्रम प्रथमपासून करावे लागतात. जुन्या गाडींत पेडल अगदीं तळापर्यंत नेऊं नये. दट्ट्याची वाटी गंजलेल्या भागावर घांसून फाटूं शकते. पेडलखालीं लांकडाचा ठोकळा ठेवला कीं ही भीति राहत नाहीं. निपल पोकळ असतो, म्हणून तो फार आवळूं नये. द्रव्य रंगावर सांडल्यास तत्काळ पाण्यानें धुवावें. काढलेलें द्रव्य पुन्हा वापरूं नये व गटारांतही ओतूं नये. तें विषारी आहे, तेव्हां बंद डब्यांत ठेवून गॅरेजकडे सोंपवावें. उघडलेला नवा डबाही पुढच्या वर्षासाठीं जपूं नये, त्यांतही ओल शिरते. इंजिनाचें तेल तर ब्रेकमध्यें कधींच घालूं नये. त्यानें रबर फुगून निकामी होतें.

एबीएस यंत्रणा असलेल्या गाड्यांत हवा त्या यंत्राच्या झडपांत अडकूं शकते व ती काढण्यास कधींकधीं गॅरेजांतील संगणक लागतो. असें काम घरीं करूं नये.

शेवटीं पेडल मिनिटभर दाबून धरावें. तें कठीण व स्थिर राहिलें, कोठें ओल दिसली नाहीं, तर गाडी अंगणांतच मंद गतीनें चालवून थांबवून पाहावी, आणि मगच रस्त्यावर न्यावी. दाबून धरलेलें पेडल हळूहळू खालीं सरकत असेल, तर कोठें तरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरची वाटी गेली आहे. अशा वेळीं गाडी मिस्त्रीकडे चालवीत नेऊं नये. मिस्त्रीला गाडीकडे आणावें.